साबणातले लोखंड: कुपवाडच्या एका कारखान्यातील मॅग्नेशियम तारेचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील हा कारखाना लहान आहे. स्प्रिंगसाठी लागणारी कार्बन पोलादाची तार आणि जाळ्यांसाठी लागणारी स्टेनलेस स्टीलची बारीक तार ओढून देणे हे त्याचे अनेक वर्षांचे काम. कारखान्याचे, मालकांचे आणि डॉक्टरांचे नाव येथे दिलेले नाही. मी या कामात धातुशास्त्राचा सल्लागार होतो, आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी सर्वांत महागात पडलेली चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो.

मागणी मिरजेतून आली. तिथल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मालकांना सांगितले की हातापायांच्या लहान हाडांचे तुकडे बांधायला ते स्टीलची बारीक तार वापरतात, पण हाड जुळल्यावर ती काढण्यासाठी बऱ्याच रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागते. ऊसतोडणीच्या टोळीतला माणूस दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत येतच नाही. हंगाम संपतो, टोळी गावाकडे निघून जाते आणि तार आत तशीच राहून टोचत राहते. हाड जुळेपर्यंत टिकेल आणि नंतर शरीरातच विरून जाईल अशी तार ओढता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता.

ही कल्पना नवी नाही. १८७८ मध्ये अमेरिकन डॉक्टर एडवर्ड ह्यूज यांनी रक्तवाहिन्या बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली होती. १९०६ च्या सुमारास बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बिन लाम्बोत यांनी पायाचे मोडलेले हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने आणि पोलादी खिळ्यांनी जोडले, तेव्हा ती पट्टी आठ दिवसांत विरघळून गेली आणि कातडीखाली वायू साठला. मॅग्नेशियमला लोखंडाचा स्पर्श झाला आणि भोवती खारे द्रव असले की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात मॅग्नेशियम झपाट्याने झिजते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आमच्याच कारखान्यात ती वेगळ्या रूपाने समोर उभी राहिली, तेव्हा मात्र ती मला वेळेवर ओळखता आली नाही.

धातू आणि त्याचा स्वभाव

मॅग्नेशियम हलके आहे. त्याची घनता १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. त्याचा ताठरपणा सुमारे ४५ गिगापास्कल, म्हणजे स्टीलच्या एकचतुर्थांशाहूनही कमी आणि हाडाच्या बराच जवळ. पाण्याशी त्याची क्रिया होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. मॅग्नेशियम शरीराच्या नेहमीच्या व्यवहारातलेच द्रव्य असल्याने त्याची विल्हेवाट शरीर लावू शकते. प्रश्न वेगाचा असतो. ०.४ मिलीमीटर जाडीच्या एक मीटर तारेचे वजन साधारण ०.२२ ग्रॅम भरते, आणि ती पूर्ण विरघळली तर २०० मिलीलिटरहून थोडा अधिक हायड्रोजन बाहेर पडतो. हा वायू कित्येक महिन्यांत हळूहळू सुटला तर रक्त आणि ऊती तो वाहून नेतात. तोच आठवड्याभरात सुटला तर कातडीखाली फुगा येतो.

ओढण्याच्या दृष्टीने मात्र हा धातू हट्टी आहे. त्याच्या स्फटिकांची रचना षट्कोनी असते आणि साध्या तापमानाला त्यांचे थर मुख्यतः एकाच प्रतलात सरकतात, पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते सरकावेत तसे. कॅट आडवा सरकतो, उभा वाकवला तर तुटतो. तार बारीक करण्यासाठी ती डायमधून, म्हणजे निमुळत्या भोकाच्या साच्यातून, ओढतात; अशा एका ओढीला पास म्हणतात. म्हणून स्टीलच्या सवयीने एका पासमध्ये तारेच्या छेदाचे २० टक्के क्षेत्रफळ कमी केले की मॅग्नेशियमची तार डायच्या तोंडाशीच तुटते. कारखान्यातले सर्वांत जुने कामगार, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, पहिल्याच दिवशी म्हणाले, “साहेब, ही तार घाई सहन करत नाही. हिला थोडं ओढायचं, मग नरम करायचं, मग पुन्हा थोडं.”

पहिला निर्णय: कोणता मिश्रधातू

सहज मिळणारा मिश्रधातू एझेड३१ होता, ज्यात सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असते. तो ओढायला तुलनेने बरा, पण ॲल्युमिनियमचे मज्जासंस्थेवरील परिणाम लक्षात घेता शरीरात विरघळण्यासाठी तो कोणी सुचवणार नाही. डब्ल्यूई४३ हा यिट्रियम आणि दुर्मीळ मृदा धातू असलेला मिश्रधातू बळकट आहे आणि त्याच कुळातल्या मिश्रधातूचे हाडाचे स्क्रू युरोपात २०१३ पासून मान्यताप्राप्त आहेत. तिसरा पर्याय जस्त आणि कॅल्शियमचे अल्प प्रमाण असलेल्या मॅग्नेशियमचा होता; ही दोन्ही द्रव्ये शरीराच्या ओळखीची.

आम्ही हात बसवण्यासाठी एझेड३१ आणि खऱ्या कामासाठी मॅग्नेशियम-जस्त-कॅल्शियम असे ठरवले. सरावाच्या प्रत्येक स्पूलला लाल रंगाची पट्टी लावली, जेणेकरून ती चुकूनही डॉक्टरांकडे जाऊ नये. हा निर्णय आजही मला योग्य वाटतो. खऱ्या कामासाठी बाहेरून एक्स्ट्रूड केलेला, म्हणजे साच्यातून दाबून काढलेला, ३ मिलीमीटर जाडीचा गज मागवला. त्याच्या प्रमाणपत्रात लोखंड, निकेल आणि तांब्याचे प्रमाण मर्यादेच्या बरेच आत होते. ओतलेल्या शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंडाची मर्यादा दशलक्षात सुमारे १७० भाग मानली जाते आणि निकेलची त्याहून कितीतरी कमी. प्रमाणपत्र पाहून माझी लोखंडाची काळजी तिथेच मिटली. ती मिटायला नको होती.

दुसरा निर्णय: कसे ओढायचे

गरम डायमधून ओढले तर पास मोठे घेता येतात, पण त्यासाठी नवे यंत्र लागले असते. म्हणून साध्या तापमानाला लहान पास घेऊन मधे मधे ॲनीलिंग, म्हणजे तापवून नरम, करण्याचा मार्ग आम्ही धरला. प्रत्येक पासमध्ये १२ टक्के क्षेत्रफळ कमी करायचे, म्हणजे ३.०० वरून २.८१, मग २.६४, मग २.४८, मग २.३२. असे चार पास झाले की क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी उतरलेले असते. तेव्हा आर्गॉन भरलेल्या भट्टीत सुमारे ३३० अंशांवर काही मिनिटे ठेवून तार नरम करायची. ०.४ मिलीमीटरपर्यंत पोहोचायला या हिशेबाने ३२ पास आणि सात वेळा ॲनीलिंग लागते. भट्टीतला वेळ वाढला की दाणे मोठे होतात आणि पुढच्या पासमध्ये तार तुटते, हे आम्ही दोन कॉइल गमावून शिकलो.

पहिल्या महिन्याचे बहुतेक श्रम तार डायमध्ये ओवण्यासाठी बारीक टोक काढण्यात गेले. स्टीलच्या तारेचे टोक ग्राइंडरवर बारीक करतात. मॅग्नेशियमचा कीस ठिणगीने पेट घेतो आणि पाणी ओतले तर हायड्रोजन निघून आग भडकते. म्हणून ग्राइंडरजवळच्या पाण्याच्या बादलीऐवजी कोरड्या वाळूचे डबे ठेवले आणि टोक सौम्य आम्लात बुडवून बारीक करायला सुरुवात केली. काम मंदावले, पण ते बिनधोक झाले.

पावसाळ्याच्या तोंडावर पहिली अखंड ०.४ मिलीमीटरची स्पूल हाती आली. ताणचाचणीत ती चांगली उतरली. मालकांनी ती हातात घेऊन उजेडात बराच वेळ फिरवून पाहिली. तो आनंद खरा होता, आणि पुढे जे झाले त्याने तो खोटा ठरत नाही.

अडचण

तार शरीरात कशी झिजेल याचा अंदाज घेण्यासाठी ती ३७ अंशांवर शरीरद्रवासारख्या द्रावणात बुडवून ठेवतात. ही चाचणी मी कारखान्यातच घेतली. हँक्स द्रावण या अशाच एका खाऱ्या द्रावणाच्या ५० मिलीलिटरच्या बीकरमध्ये दहा-दहा सेंटीमीटरचे २० तुकडे ठेवले. दोन आठवड्यांनीही एकही तुकडा तुटला नव्हता, वजन थोडेसेच घटले होते. मी अहवाल लिहिला आणि पहिला लॉट मिरजेला पाठवायला हरकत नाही असे कळवले.

चूक इथे झाली. २० तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २५ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला जेमतेम २ मिलीलिटर द्रव आला; अशा चाचण्यांत निदान २० मिलीलिटर धरण्याची रीत आहे. मॅग्नेशियम झिजताना द्रव अल्कधर्मी होत जातो. शरीरात रक्त तो अल्क वाहून नेते आणि पीएच ७.४ च्या आसपास राहतो. माझ्या बंदिस्त बीकरमध्ये तो १० च्या वर गेला होता. इतक्या अल्कधर्मी द्रवात तारेवर हायड्रॉक्साइडचा थर घट्ट बसतो आणि झीज जवळपास थांबते. म्हणजे माझ्या चाचणीत तार टिकली ती स्वतःच्या गुणाने नव्हे, तर मीच तिला दिलेल्या कवचाने.

डॉक्टरांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेने हाच लॉट भरपूर द्रवात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात, पीएच सांभाळून तपासला. चौथ्या दिवशी काही तुकडे मधोमध तुटले. त्यांच्या शेजारचे तुकडे अखंड होते. हा विषमपणाच मला अधिक अस्वस्थ करून गेला. सगळी तार सारखी वाईट असती तर दोष मिश्रधातूचा म्हणता आला असता. इथे एकाच स्पूलच्या शेजारच्या दोन तुकड्यांचे नशीब वेगळे होते.

तुटलेली टोके जवळच्या विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तुटीच्या जागी खोल खड्डा होता आणि न तुटलेल्या तारेवरही अंतराअंतराने लहान खड्डे दिसत होते. त्यांपैकी काहींच्या तळाशी एक चकाकता कण रुतलेला होता. मूलद्रव्यांच्या विश्लेषणात तो कण लोखंडाचा निघाला.

गजाचे प्रमाणपत्र खोटे नव्हते, पण ते गजाचे होते. आम्ही काढलेल्या तारेविषयी ते काहीच सांगत नव्हते. लोखंड वाटेत कुठून तरी आले होते. कारखान्यात परतल्यावर तात्यांनी जुन्या स्पीकरमधला एक लोहचुंबक आणला आणि ड्रॉइंग मशीनच्या साबणाच्या पेटीत, म्हणजे डायच्या आधी तार वंगणासाठी ज्या कोरड्या साबणाच्या पावडरमधून जाते तिच्यात, दोनदा फिरवून वर काढला. चुंबकाला करड्या रंगाची दाढी लोंबत होती. त्याच पेटीतून वर्षानुवर्षे स्प्रिंगची पोलादी तार ओढली जात होती आणि तिचा बारीक कीस साबणात मिसळत होता. पोलादाच्या तारेला त्याचे काहीच वाटत नाही. मॅग्नेशियम मऊ असल्याने डायच्या दाबाखाली तो कीस त्याच्या अंगात रुतत होता. लाम्बोत यांचे पोलादी खिळे आमच्याकडे पावडरच्या रूपाने आले होते.

बारीक तारेत हा दोष इतका घातक का ठरतो, हे आकड्यांवरून दिसते. घनफळाच्या मानाने ०.४ मिलीमीटर तारेचे पृष्ठफळ ३ मिलीमीटर गजाच्या साडेसातपट असते. ही तार सगळीकडून ०.१ मिलीमीटर झिजली तर व्यास निम्मा होतो आणि भार घेणारे क्षेत्रफळ एकचतुर्थांश उरते. जाड स्क्रूमध्ये हाच खड्डा महिनोन्महिने खपून जातो.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय सूक्ष्मदर्शकाखाली निवडलेले चांगले तुकडे देण्याचा होता. प्रयोगशाळेला थोडीच तार हवी होती आणि मालकांवर खर्चाचे ओझे होते, त्यामुळे तो मोहात पाडणारा होता. आम्ही तो सोडला, कारण मग प्रयोगाचे निष्कर्ष आमच्या प्रक्रियेचे न राहता आमच्या निवडीचे झाले असते आणि पुढचा माणूस त्यावर विसंबून फसला असता. पाठवलेला लॉट परत मागवला आणि माझा अहवाल चुकीचा असल्याचे लेखी कळवले. ते पत्र लिहिणे जड गेले, पण त्यानंतर डॉक्टरांशी बोलणे सोपे झाले.

दुसरा पर्याय पॉलिमरचा लेप देण्याचा होता. लेपामुळे झीज उशिरा सुरू होते हे खरे, पण खालचा लोखंडाचा कण तिथेच राहतो आणि हाडाभोवती तार वळवताना लेपाला चीर पडली की नेमक्या त्याच जागी झीज एकवटते. दोष झाकणारा उपाय दोष दूर होण्याआधी वापरू नये, असे माझे मत होते आणि आजही आहे.

तिसरा पर्याय तार तयार झाल्यावर आम्लात धुऊन वरचा थर काढण्याचा, आणि चौथा मॅग्नेशियमसाठी सगळी सामग्री वेगळी करण्याचा. नुसत्या धुण्याने रुतलेला कीस निघाला असता, पण तो किती खोल रुतला आहे याची खात्री दर लॉटला वेगळी राहिली असती. नुसती सामग्री वेगळी केली तर जुन्या सवयींतून लोखंड पुन्हा शिरले असते. म्हणून दोन्ही एकत्र करायचे ठरले. मालकांना त्यासाठी एक मशीन स्टीलच्या ऑर्डरींतून बाजूला काढावे लागले. तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्याचा भार त्यांनीच सोसला.

केलेले काम

एका मशीनभोवती पत्र्याची भिंत उभारून जागा वेगळी केली. शेवटच्या पासांसाठी हिऱ्याच्या नव्या डाय घेतल्या, साबणाची नवी पेटी बसवली, तार ज्यावरून फिरते ती चाके बदलली. त्या जागेत पोलादी पाना, पक्कड किंवा तारेचा ब्रश नेण्यास मनाई केली. दर पाळीच्या सुरुवातीला पेटीत चुंबक फिरवायचा आणि तो पांढऱ्या कागदावर पुसून तो कागद तारीख घालून फायलीला लावायचा, अशी पद्धत सुरू केली. पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर अजून करडे ठिपके दिसत होते. मग ते थांबले.

तयार तार सौम्य ॲसिटिक आम्लात धुऊन वरचे १० ते १५ मायक्रोमीटर काढले, मग अल्कोहोलने धुऊन लगेच कोरडी केली. त्यासाठी शेवटची डाय ०.४ हून किंचित मोठी ठेवली. आम्लात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ, ठिणगीपासून दूर.

एक सवय मोडणे सगळ्यांत अवघड गेले. चांगला तार ओढणारा माणूस धावती तार दोन बोटांतून जाऊ देतो आणि खरवडलेली जागा बोटाने ओळखतो. तात्यांचे कौशल्य त्या बोटांत होते. पण घामातले मीठ तारेवर राहिले आणि श्रावणातल्या दमट हवेत स्पूलवर पांढरे ठसे उमटले. हातमोजे घातल्यावर बोटांना काही कळेनासे झाले, तेव्हा तात्यांनी तारेखाली काळे मखमली कापड धरून तिची चकाकी पाहण्याची नवी रीत स्वतःच शोधली. त्याच महिन्यात साध्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद करून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ॲल्युमिनियमच्या थराची सीलबंद पाकिटे वापरायला सुरुवात केली. वाफेच्या निर्जंतुकीकरणाने तार खराब होणार असल्याने पाकिटांवर तशी स्पष्ट सूचना छापली.

परवान्याच्या बाबतीत मालकांनी स्पष्ट मर्यादा आखली. भारतात वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ लागू आहेत. शरीरात विरणारी रोपणे वरच्या जोखमीच्या वर्गात येतात आणि त्यांच्या उत्पादनाचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो. कारखान्याने रोपण बनवायचे नाही, फक्त संशोधनासाठी तार पुरवायची आणि प्रत्येक पाकिटावर मानवी वापरासाठी नाही असे छापायचे, असे ठरले.

निष्पत्ती

नव्या पद्धतीच्या तीन लॉटची चाचणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच रीतीने झाली. चौथ्या आठवड्यातही तुकडे अखंड होते आणि झीज जवळपास सगळीकडे सारखी पसरलेली होती. बळ अर्थातच घटले होते, पण सर्व तुकड्यांचे साधारण एका बेताने. डॉक्टरांनी मूळ मागितलेला काळ, हाड जुळण्याचे सहा ते बारा आठवडे, अजून गाठलेला नाही. प्रयोगशाळेतले आठवडे आणि शरीरातले आठवडे सारखे नसतात. बहुधा शरीरात झीज मंदावते. तरी त्या भरवशावर कोणाच्या हाडाला ही तार बांधता येणार नाही. सध्या ती संशोधनासाठी जाते आणि प्राण्यांवरील अभ्यासाचा प्रस्ताव संबंधित संस्थेच्या नैतिकता समितीपुढे आहे.

पुन्हा करायचे झाले तर

तार ओढायला घेण्याआधी मी झिजेची चाचणी उभी केली असती, तीही दुसऱ्या कोणाच्या हातून. आम्ही आधी ओढण्याचे यश मिळवले आणि मग चाचणीकडे वळलो, त्यामुळे चाचणीने होकार द्यावा अशी माझ्या मनाची तयारी आधीच झाली होती. बीकरमधला पीएच मोजायला दोन मिनिटे लागली असती. तो मोजला नाही, कारण तार चांगली दिसत होती.

आवक गजाच्या प्रमाणपत्राबरोबरच, अर्ध्या वाटेवरच्या आणि शेवटच्या तारेचा पृष्ठभागही तपासायला हवा होता. तार ज्या ज्या वस्तूला लागते तिची यादी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावली असती, तर साबणाची पेटी त्या यादीत आली असती.

आणखी एक गोष्ट अगदी उशिरा लक्षात आली. आम्ही तार ओढून तोडून पाहत होतो, पण डॉक्टर तार ओढत नाहीत. हाडाभोवती वळसा घालून तिची दोन टोके पकडीने पिळतात. दिवाळीनंतर ते कारखान्यात आले आणि त्यांनी लाकडी दांडक्याभोवती आमची तार घालून नेहमीप्रमाणे पीळ दिला. तिसऱ्या पिळाला ती तुटली. पिळाच्या जागी त्यांच्या पोलादी पकडीचे दाते उमटले होते, म्हणजे लोखंड तिथेही शिरायला तयारच होते. तात्यांनी तो तुकडा उचलून मखमलीवर ठेवला आणि विचारले, “डॉक्टर, पिळण्याऐवजी दुसरी गाठ बसेल का?” डॉक्टरांनी त्याच दांडक्यावर पिळाशिवाय अडकवण्याचे दोन प्रकार करून दाखवले. त्यांपैकी एकात तार टिकली. शेवटचे ॲनीलिंग थोडे वाढवून तार अधिक लवचीक करणे आणि पकडीच्या तोंडाला टायटॅनियम किंवा कठीण प्लास्टिकचे अस्तर लावणे, या दोन गोष्टींवर आता काम सुरू आहे.